डाव्या हाताची तर्जनी

"काका, बोट पुढे करा."

सहदेव गावडेनं डावा हात खिशातून काढलाच नाही. "शाई नको. सही घ्या, अंगठा घ्या."

"शाईशिवाय मत देता येत नाही," टेबलामागची बाई म्हणाली. सकाळपासून बोटं रंगवून ती वैतागली होती. "नसेल लावायची तर बाजूला बसा. विचार करून या."

"अंकल, चला ना पटकन, यार! शाईच आहे, मेंदी काढायला नाय सांगत कोणी," रांगेतून आवाज आला आणि सगळे हसले.

पुढे उभी असलेली सुगंधा, त्याची बायको, शाई लावून वळली. "अवो, मे म्हयन्यातल्या मतदानाक गेटावरसून मागे फिरलात. आज आतपर्यंत इलात, आता फिरू नकात," ती हळूच म्हणाली आणि आपलं मत द्यायला गेली.

सहदेव वर्गाबाहेर येऊन बाकावर बसला. जोगेश्वरीतल्या शाळेचा बाक तो, पहिली-दुसरीच्या पोरांच्या मापाचा. साठीच्या माणसाचे गुडघे पार छातीशी आले.

तो जनरेटरचा मेकॅनिक. २००९ मध्ये एका कंपनीनं त्याला अफगाणिस्तानात नेलं, परदेशी फौजेच्या छावणीत. फौज तिथे लोकशाही आणायला गेली होती आणि सहदेव त्या लोकशाहीचे दिवे चालू ठेवायला. सहा धूड जनरेटर, आणि जोडीला हश्मत. हाताखालचा म्हणायचं, पण हश्मत पस्तिशीचा, तीन मुलांचा बाप, आणि कान सहदेवहून तिखट. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, आणि कुठलं बेअरिंग जाणार ते दोन दिवस आधी सांगायचा. लहानपण पेशावरच्या निर्वासितांत गेलेलं, त्यामुळे हिंदी झकास. सहदेवपेक्षा तर नक्कीच बरी.

एकदा चहा पिताना त्यानं विचारलं होतं, "उस्ताद, आपके यहाँ ये वोट की पेटी कौन लाया था?"

"कोन लायेगा? हमनेच लाया."

"हमारे यहाँ हेलिकॉप्टर से आती है." हश्मतनं चहा संपवला. "हेलिकॉप्टर जाएगा, तो पेटी भी जाएगी."

तरी २०१४च्या एप्रिलमध्ये सहदेवनं त्याला मत द्यायला गावी पाठवलं. म्हणजे त्याचं डोकंच खाल्लं. इकडे मुंबईत आपलं मत त्या वर्षी फुकट जाणार, याची सहदेवला हुरहूर लागली होती. "मेरा तो डूबा, तू तो डाल," तो म्हणाला. आणि वर शहाणपण शिकवलं, "शाई लगेगी तो छुपाने का नहीं. हमारे उधर लोग दिखाते फिरते हैं."

जोगेश्वरीची रीत त्यानं त्या डोंगरांत नेऊन लावली. ही चूक त्याची, दुसऱ्या कोणाची नाही, असं तो आजही मानतो.

परतीच्या वाटेवर एका वळणावर बंदूकवाल्यांनी हश्मतची गाडी अडवली. त्यांनी कागद मागितले नाहीत. बोटं मागितली.

दीड महिन्यानं तो कामावर आला तेव्हा उजव्या हाताची तर्जनी मुळापासून नव्हती. स्क्रूड्रायव्हर त्यानं मधल्या बोटानं धरला आणि कानाला लावला. सहदेवला तोंड वर करवेना. हश्मतच म्हणाला, "वोट के लिए चार घंटे खड़ा रहा, उस्ताद. अच्छा लगा था." सहदेव जनरेटरमागे जाऊन रडला. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही.

त्याच वर्षअखेर तो घरी आला आणि त्यानंतर त्यानं मत दिलं नाही. २०१९ला हश्मतनं मेसेज करून शाईच्या बोटाचा फोटो मागितला. सहदेवनं सुगंधाच्या बोटाचा काढून पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं, "ये तो भाभी की उंगली है. अगली बार अपनी भेजना." खाली हसणारे चार चेहरे.

"भेजता हूँ," असं सहदेवनं कबूल केलं होतं. मग २०२१चा ऑगस्ट आला, हेलिकॉप्टरं गेली, आणि हश्मतचा फोन गप्प झाला.

"काय रे सहदेव, अडलं कुठे?" सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे मधुकर प्रधान शाईचं बोट वाळवत समोर आले. बँकेतून निवृत्त झालेले. जगात कुठे काय चुकलं ते त्यांना माहीत असतं. हश्मतची गोष्टही त्यांना माहीत होती. "अजून तेच घेऊन बसलायस? अरे, बंदूक रोखून कोणाला मत द्यायला शिकवता येतं का? वीस वर्षं बसले, आणि गेले तसं सगळं होत्याचं नव्हतं झालं."

"बंदुकीनं येत नाय, ते पटतं मला. बघितलंय मी. पेटीच्या चारी बाजूला रणगाडे, आणि फौजेचा साहेब गावकऱ्यांना सांगतोय, घाबरू नका, तुम्ही आता मोकळे."

"तेच तर! त्या लोकांना नकोच होती रे लोकशाही."

सहदेव उठला. गुडघे कटकन वाजले. "असं नका बोलू, प्रधानसाहेब."

"का? खोटं आहे?"

"एकाला हवी होती. माझ्यासमोर बसून चहा प्यायचा तो."

"एक माणूस म्हणजे देश नव्हे."

"देशाचं मला काय कळतंय? मला हश्मतचं म्हायती आहे. आणणारे आले, नेणारे घेऊन गेले. तुला हवी का, हे त्याला आधी कोणी विचारलं नाय, आणि जाताना तुझं आता काय, ते पण नाय." त्यानं खिशातला हात बाहेर काढला. "मी तरी कुठे विचारलं? जा म्हटलं नुसतं."

प्रधान बोटावरच्या शाईवर फुंकर घालत गेटाकडे वळले. 

सहदेव आत गेला आणि टेबलावर डावा हात ठेवला. तर्जनीच्या नखाशी जनरेटरच्या पंख्याच्या पट्ट्यानं पाडलेली चंद्रकोरीसारखी जुनी खूण होती. बाईनं तिच्यावरून शाईची काडी ओढली. गार लागली.

बाहेर गेटाशी सुगंधा फोन घेऊन उभी होती. आत फोन न्यायची बंदी, बाहेर ठेवायला दिलेला तिनं परत घेतला होता. तिनं बोट धरून फोटो काढला. सहदेवनं लिहिलं, "हश्मत, ये मेरी है." पाठवलं. एक टिक आली. वर तीन वर्षांत सहदेवनंच पाठवलेले मेसेज होते, ईद मुबारक, बच्चे कैसे हैं, जिंदा है क्या. सगळ्यांपुढे एकेकच टिक.

"जातलो," सुगंधा म्हणाली. "फोन बंद असतलो त्याचो."

पुढच्या रविवारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्यानं नखं कापली. सुगंधानं कागद गोळा करताना पाहिलं. "एक नख ऱ्हवला."

"ऱ्हवांदे," तो म्हणाला.

मार्चमध्ये सोसायटीचा पंप आवाज करायला लागला. शाई तोवर वाढत्या नखाबरोबर पार टोकाला गेली होती, नखकटरच्या एका घावात गेली असती. सहदेव पंपाशी उकिडवा बसला. नख तुटू नये म्हणून तर्जनी मिटून घेतली, स्क्रूड्रायव्हर त्याच हाताच्या मधल्या बोटानं धरला आणि कान लावून बराच वेळ ऐकत राहिला.