दोन मिनिटांची तबकडी

लोक माझ्याकडे रेकॉर्ड घेऊन येतात आणि वर मलाच शिकवतात. "काका, जरा खरखर तेवढी काढा फक्त." फक्त म्हणे! पोरांनी तिच्यावर खेळण्यातल्या मोटारी फिरवल्या, कुणीतरी तिच्यावर गरम भांडं ठेवलं, पंधरा वर्षं ती पलंगाखाली धूळ खात पडली, आणि आता फक्त खरखर काढा. मी चिडतो, बडबडतो आणि शेवटी काम करून देतो. चाळीस वर्षं हेच चाललंय.

बडबड मी एकटाच करतो, कारण घरात बोलणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. सात वर्षांपूर्वी बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेते, खिशात एक छोटी वही ठेवते आणि लिहून लिहून मला टोमणे मारते. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मी हौसेनं आणलं होतं. दोन वाक्यं बोलली आणि वहीत लिहिलं, "माझ्याऐवजी हा डबाच बोलणार असेल, तर त्याच्याशीच संसार करा." यंत्र कपाटात गेलं ते गेलंच.

आता एक सांगतो, सांगायची लाज वाटते तरी सांगतो. मला तिचा आवाज आठवत नाही. तिची वाक्यं आठवतात, एकूण एक. "चष्मा डोक्यावर आहे तुमच्या," हे ती कुठल्या दारात उभी राहून म्हणायची तेही आठवतं. पण मनात ते वाक्य ऐकू येतं ते माझ्याच घोगऱ्या आवाजात. लोकांचे वारलेले आजोबा, आत्या, मामा मी बोलते करून दिले, आणि स्वतःच्या बायकोच्या आवाजाचा तुकडासुद्धा माझ्याजवळ नाही. लग्नाची चित्रफीत आहे, पण ती काढणाऱ्या शहाण्यानं तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी भरलीत.

गेल्या महिन्यात ती बाजारात गेली असताना मेहुणा आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लहानशी तबकडी.

"भावोजी, माळा रिकामा करताना सापडली. ताईचा आवाज आहे हिच्यात."

मी खुर्चीत बसलो.

"तुमचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही प्रदर्शन बघायला गेलो होतो. तिथे एक काचेची खोली होती. नाणं टाकायचं, दोन मिनिटं बोलायचं, की तबकडी हातात. ताई आत, मी बाहेर. काय बोलली ते तिलाच माहीत, पण बाहेर आली ती लालेलाल होऊन, आणि तबकडी माझ्या पिशवीत कोंबली."

असल्या तबकड्या मला ठाऊक आहेत. पत्र्याची चकती, वर काळ्या रोगणाचा थर, आणि आवाज त्या थरात कोरलेला. हिच्यावरचं नाव पुसून गेलं होतं, पांढरी बुरशीसारखी साय आली होती, आणि कडेचं रोगण पापुद्र्यासारखं सुटायला लागलं होतं. फार तर एकदा वाजली असती. ते एकदाच सगळं उतरवून घ्यायचं. नेहमीची सुई लावली असती तर तिनं थर उकरून काढला असता. म्हणून बारीक टोकाची वेगळी सुई करायला दिली. कारागीर म्हणाला, तीन आठवडे लागतील.

बायकोला सांगितलं नाही. समजा सुई फिरली आणि नुसती खरखरच निघाली तर? एकदा आवाज गेलेल्या बाईचा पुन्हा आवाज घालवायचा? नीट निघाला की एकदम ऐकवू, असा माझा बेत. बेत करण्यात मी भारी हुशार! तिच्या नजरेतून काही सुटत नाही, तेव्हा तबकडी मी एका साध्या प्लास्टिकच्या रेकॉर्डच्या पाकिटात घातली आणि गिऱ्हाइकांच्या चळतीत सरकवून दिली.

त्या चळतीतल्या प्लास्टिकच्या रेकॉर्ड तीच धुते. जुन्या, जड, लाखेच्या रेकॉर्डना ती हात लावत नाही, कारण स्पिरिटनं लाख विरघळते, हे मीच तिला शंभरदा बजावलंय. आणि हेही मीच सांगितलंय की प्लास्टिकची असेल तर डोळे झाकून खिडकीतली स्पिरिटची बाटली वापर. रोगणाबद्दल कधी सांगितलं नाही. असली तबकडी घरात येतेय कुठे, म्हटलं.

काल सुई तयार झाली. मी सकाळीच निघालो, दोन बस बदलून गेलो, आणि येताना डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वर हात दाबून बसलो. शेजारच्या माणसानं विचारलं, छातीत दुखतंय का? मी हसलो. किती दिवसांनी हसलो, देव जाणे.

घरी आलो तर ती बाह्या सरसावून टेबलाशी बसलेली. धुतलेल्या अकरा रेकॉर्ड लाकडी घोडीवर वाळत उभ्या. बारावी तिच्या हातात. मला बघून तिनं फडकं उंच करून दाखवलं. काळंकुट्ट. मग झरझर लिहिलं, "केवढी ही घाण! सहा वेळा पुसली तेव्हा पांढरं गेलं. गिऱ्हाईक आहे की कोळसेवाला?"

तिच्या हातात पत्रा चमकत होता. रोगण सगळं फडक्यावर आलं होतं.

मी ओरडलो नाही. ओरडणार कुणावर? तिनं माझा चेहरा बघितला आणि लिहिलं, "काय झालं?"

"कुठे काय? साबणाच्या जाहिरातीची असेल. फुकट वाटायचे पूर्वी."

एवढ्या वर्षांत माझं खोटं तिनं पकडलं नाही असं कधी झालं नाही. काल मात्र तिनं मान डोलावली आणि फडकं बादलीत टाकलं. मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि ढसाढसा रडलो.

बाहेर फोन वाजला. तो तीच उचलते, मोठ्या आवाजावर ठेवते आणि बोटानं दोनदा टकटक करते. म्हणजे मी ऐकतेय, बोला. नळाच्या आवाजातूनही मेहुण्याचं ओरडणं मला ऐकू आलं.

"ताई, ऐकलास का गं तुझा आवाज? आज सुई मिळणार होती ना भावोजींना? मी प्रदर्शनातली तबकडी दिली होती बघ त्यांना. वाजली का?"

मी धावत बाहेर आलो. फोनमधून मेहुणा हॅलो, हॅलो करत होता. ती त्या पत्र्याकडे बघत होती. मी फोन बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. मी लपवली, मीच पाकिटात घातली, तुझी काही चूक नाही, अगं ऐक, तुझी काही चूक नाही. तिनं मुठीनं माझ्या छातीवर दोनदा मारलं आणि मग माझा शर्ट धरून रडली. तिच्या रडण्याला आवाज नसतो. गळ्यातून नुसती हवा शिट्टीसारखी वाजते.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "काय बोलली होतीस गं?"

तिनं वही घेतली. "तुमच्यासाठीच होतं. द्यायची लाज वाटली."

"मग लिही ना. आता तरी लिही."

तिनं एक शब्द लिहिला, खोडला. दुसरा लिहिला, तोही खोडला. मग लिहिलं, "अहो, ते लिहिण्यासारखं नव्हतं. बोलायचं होतं."

"तर मग बोल," मी म्हटलं. "मी बघतो."

माझ्यासमोर खुर्ची ओढून ती बसली, केस मागे केले आणि बोलायला लागली. तिचे ओठ मला 'मीठ' आणि 'औषध' यापलीकडे कधी वाचता आलेले नाहीत. ती न थांबता बोलत होती, मधेच हसली, एकदा चक्क लाजली. मला एक शब्दसुद्धा कळला नाही. मी हो, हो करत राहिलो.