फागीचा राब

हेमंत साहेब उन्हाळ्यात पुन्हा येणार, असा निरोप होळीच्या सुमारास जव्हारच्या सत्तारशेठच्या दुकानातल्या फोनवर आला. फागीने तो ऐकला आणि कोयत्याला धार लावायला बसली. याच निरोपाची ती वाट बघत होती.

साहेब कॅन्सरवरच्या औषधासाठी झाडपाला तपासत हिंडायचा. गेल्या खेपेला दाभोशाच्या दरीतली एक रानवेल दाखवायला फागीचा नवरा नवसू त्याच्याबरोबर उतरला. सालीची पोती वर आली आणि नवसू पाय घसरून खाली कोसळला. लोकांनी त्याला रस्त्यावर आणलं तेव्हा श्वास चालू होता. जीप मात्र पोत्यांनी भरलेली. "ओली साल आजच मुंबईला पोचली पाहिजे, नाहीतर सडेल," साहेब म्हणाला होता. "मागून दुसरी गाडी येईल." दुसरी गाडी कसली येतेय! डोलीतून नेताना नवसू वाटेतच गेला.

वैशाखात साहेब आला तो हरखूनच. "फागीबाई, त्या सालीच्या अर्काने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या! आता आणखी साल हवी. ही वेल दुसरीकडे कुठेच सापडत नाही."

नवसूचं नाव निघालं असतं, तर फागीचं मन कदाचित वळलंही असतं. पण साहेबाने ते काढलंच नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, तरी ती हसली.

"दावते की. पन आधी राब जाळू. तू पाहुना, तुझ्या हातानं पेटव."

भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, फांद्या, गवत आणि वर माती असा थर रचून ठेवला होता. पेरणीआधी जमीन अशीच भाजून घेतात, हे साहेबाला ठाऊक होतं. मान मिळाला म्हणून खुशीत त्याने काडी ओढली. वाऱ्याने राब भडाभडा पेटला.

"चला आता वेलीकडे."

"कुठं जातोस? तीच जळते. दरीतली सगळी, मुळासकट. मीच उतरून आनली."

साहेबाने जाळात हात घातला आणि भाजून मागे घेतला. "पाणी आण! अगं, हजारो माणसं वाचली असती!"

"मला एकच वाचवायचा होता."

"दुसरी वेल कुठे आहे? सांग ना!"

बांधावरचा भरलेला हंडा फागीने डोक्यावर घेतला. नवसू गेल्यापासून तिला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"थांब की साहेब," ती म्हणाली. "मागून दुसरी येईल."