बॅटरी साहेबांच्या केबिनमध्ये

"लेखी द्या," सहादू पगारे म्हणाला.

उगावकरसाहेबांनी फाइलीतून मान वर केली. "काय?"

"बॅटरी रोज काढून तुमच्या केबिनात ठेवायची, हे तोंडी नगा सांगू. कागदावर द्या."

साहेबांचा चेहरा तापला. मी टाइपरायटरमागे बसून खाली बघत राहिले. शरणपूर रोडवरच्या त्या सरकारी ऑफिसात मी टायपिस्ट होते, तीही सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर. पुढची ऑर्डर साहेबांच्या शेऱ्यावर निघायची. त्यामुळे साहेब तापले की खाली बघायची मला चांगली सवय होती.

भानगड अशी होती. पगारे ड्रायव्हर सुटीच्या दिवशी ऑफिसची अँबॅसिडर बाहेर काढतो आणि वणीला जाणाऱ्यांची भाडी मारतो, असं सांगून कोणीतरी साहेबांचे कान भरले होते. पुरावा कसलाच नव्हता. मग साहेबांनी शक्कल काढली. रोज साडेपाचला गाडीची बॅटरी उतरवायची, केबिनमध्ये कुलपात ठेवायची आणि सकाळी दहाला पुन्हा बसवायची.

"अठ्ठावीस वर्षं झाली," पगारे म्हणाला. "सर्व्हिस बुकात एक वाईट शेरा नाय. पाच महिन्यांनी रिटायर होतोय. मला चोर म्हणायचंय ना, कागदावर म्हणा."

"टाइप करा, लतिकाबाई," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. मी केलं. १९७८च्या नोव्हेंबरातली गोष्ट.

खरं सांगते, पगारे मला कधीच आवडला नाही. तुसडा माणूस. चहाला बोलवा, "पिऊन आलोय" म्हणणार. एकदा माझ्या अंगात ताप होता, म्हणून नाशिक रोडपर्यंत सोडता का विचारलं, तर "गाडी सरकारी हाय" म्हणाला आणि काच वर केली. मी बसस्टॉपवर उभी राहून त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. जो माणूस मला तापात नेत नाही तो भाडी कशाला मारील, हे माझ्या डोक्यात ऑर्डर टाइप करतानाच आलं होतं. पण आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. साडेपाचला तो बॉनेट उघडायचा, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचा, आधी गाडीच्या पत्र्याला जोडलेली बॉडीची वायर सोडायचा, मग दुसरी. मग ते वीस किलोचं धूड पोटाशी धरून जिना चढायचा. सत्तावन्न वर्षांचा माणूस, मधल्या पायरीवर थांबून दम घ्यायचा. पंधरा दिवसांत त्याच्या खाकी शर्टाला पोटावर ॲसिडची भोकं पडली. शिपाई कोंडाजी एकदा हात लावायला गेला.

"सोड," पगारे खेकसला. "ऑर्डर माझ्या नावची हाय, तुझ्या नाय."

साहेब काचेतून बघत होते. बॅटरी ठेवायला त्यांनी टेबलाशेजारची जागा दिली नव्हती, लांबच्या कोपऱ्यातली दिली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी साहेबांनी मला अर्जंट रिपोर्ट टाइप करायला बोलावलं. नऊच्या सुमारास खाली आवाज चढले, म्हणून मी जिन्यात आले. साहेबांच्या पत्नी, मुलगी आणि फराळाचा डबा व्हरांड्यात उभे होते. त्यांना वणीला देवीच्या दर्शनाला जायचं होतं, ऑफिसच्या गाडीतून. निरोप मिळाल्यामुळे पगारे सायकलवरून आला होता आणि हात मागे बांधून उभा होता.

"बॅटरी बसव," साहेब म्हणाले.

"ऑर्डरीत रविवार नाय. कामाच्या दिवशी दहाला बसवावी, असं लिवलंय. आज बसवायची तर तसं लिहून द्या."

साहेब लिहून कसं देणार? खासगी सहलीला सरकारी गाडी, हे कोणत्या कागदावर लिहिणार? ते पगारेलाही ठाऊक होतं आणि साहेबांनाही. पत्नीसमोर ते उत्तर त्यांना फार झोंबलं असावं. त्यांनी कोंडाजीकडून बॅटरी खाली आणवली आणि बाह्या वर करून पाना मागून घेतला.

पहिल्यांदा त्यांनी बॉडीची वायर आवळली. ते नेमकं उलटं होतं.

"साहेब, ती शेवटी लावायची," पगारे म्हणाला. साहेबांनी लक्ष दिलं नाही. ते दुसऱ्या वायरीच्या नटाला पाना लावू लागले. तेव्हा तो पुढे आला. "बरं, अंगठी तरी काढा. काढून ठेवा आधी."

"का? आता अंगठीवर डोळा आहे वाटतं?"

साहेबांची मुलगी फिसकन हसली. पगारे एक पाऊल मागे सरला.

क्षणभरात काय झालं ते मला नंतर समजलं. पाना लागला होता बॅटरीला, आणि बोटातली सोन्याची अंगठी पाना आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये अडकली. चर्रकन ठिणगी उडाली. साहेब ओरडले, पण हात सुटेना. पगारेनं खांद्यावरचं फडकं हाताला गुंडाळून त्यांचं मनगट हिसडलं आणि पाना दूर फेकला. अंगठी डॉक्टरांना कापून काढावी लागली. बोट वाचलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर वाचलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

बुधवारी साहेब हाताला बँडेज बांधून आले आणि त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझा जबाब त्यांनीच सांगितला, मी टाइप केला. गाडीच्या नेहमीच्या तपासणीत ड्रायव्हरनं धोक्याची सूचना दिली नाही. उलट त्यानं साहेबांचा हात पिरगळला. रविवार, वणी, फराळाचा डबा यांतलं त्यात काही नव्हतं.

"तुमची ऑर्डर फेब्रुवारीत संपते ना?" साहेबांनी विचारलं.

मी सही केली. घरी आजारी वडील होते, दोन बहिणी होत्या. हे सगळं खरं आहे. त्यानं काही फरक पडत नाही.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं पगारेला विचारलं, "सूचना दिली होती का?"

"बाईंना इचारा. त्या जिन्यात हुत्या."

अधिकाऱ्यानं माझा जबाब त्याच्यापुढे सरकवला. पगारेनं तो ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचला. नंतर माझ्याकडे वळून त्यानं काहीतरी बोलावं, शिवी द्यावी, अशी मी वाट बघत होते. त्यानं फक्त वाचल्याची सही केली. सर्व्हिस बुकात शेरा पडला: वर्तन उद्धट व संशयास्पद. अठ्ठावीस वर्षांतला पहिला आणि शेवटचा.

एप्रिलच्या अखेरीस तो रिटायर झाला. निरोपाचा हार नाही, चहा नाही. संध्याकाळी तो गाडीची हत्यारं जमा करायला माझ्या टेबलाशी आला. एकेक पाना फडक्यानं पुसून त्यानं ओळीनं मांडला आणि जमा-यादी माझ्यापुढे ठेवली.

"मोजून घ्या, बाई."

"राहू द्या हो, पगारे," मी म्हणाले. "विश्वास आहे तुमच्यावर."

"नगं," तो म्हणाला. "मोजा."

मी मोजले. पाने, पक्कड, जॅक, सगळं यादीप्रमाणे होतं. मी खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे दिला. त्यानं तो वरपासून माझ्या सहीपर्यंत वाचून काढला आणि मगच घडी घालून खिशात ठेवला.