वाकायचं नाही

“किती ऱ्हायल्या?” ओसरीवरून सोमाजीनं विचारलं.

“सात!” खुराड्यातून रतनबाई ओरडली. “आन् तुमी भाईर येऊ नका!”

हे वाक्य सोमाजीला दिवसातून दहादा ऐकावं लागे. उसात बिबट्या होता आणि सोमाजीच्या पाठीला पोक होतं. उभ्या माणसाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही, वाकलेल्या माणसाला मात्र तो शेळी-मेंढी समजतो, हे आता खोडदच्या शिवारात शेंबडं पोरही सांगे. गेल्या महिन्यात शेजारची सखूबाई गवत कापायला वाकली, ती पुन्हा उठलीच नाही. सोमाजीनं जन्मभर मेंढरं राखली होती, पण सरळ उभं राहणं आता त्याच्या हातात उरलं नव्हतं.

मेंढरं विकल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला. ते बघवेना, म्हणून रतनबाईनं पंधरा तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या. आणल्या खऱ्या, पण बल्बच्या उबेत वाढलेल्या त्या पोरींना दांडीवर बसणं ठाऊकच नव्हतं. अंधारलं की जाळीच्या कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून बसायच्या. जाळीतून पंजा घालायला मुंगसालाही वेळ लागत नाही. म्हणून त्यांच्या डोळ्यांवर झापड आली की एकेकीला उचलून दांडीवर ठेवायचं; आठवडाभर असं केलं की अंगवळणी पडतं. उजेडात ठेवलं तर टुणकन खाली. म्हणजे नेमकं बिबट्या निघायच्या वेळेला रतनबाईला पंधरा वेळा वाकावं लागे. माणूसभर उंचीच्या खुराड्याचं दार उघडं, पाठ उसाकडे. दर वेळी तिच्या मानेवर काटा यायचा. वाकायचं, उचलायचं, ताठ व्हायचं, मागं बघायचं.

दहावी तलंग दांडीवर ठेवली आणि अंगणातली लाईट गेली.

“आरं देवा!” ती पुटपुटली. तोच अंगणात बॅटरीचा उजेड हलला. सोमाजी येत होता, कमरेत वाकून, उजेड आपल्याच पायांवर पाडत.

“अंधारात कसं दिसंल तुला?” तो म्हणाला.

वारा नव्हता, तरी ऊस सळसळला. वस्तीवरचं कुत्रं एकदा केकाटलं आणि गप्प झालं.

अकरावी तलंग रतनबाईच्या हातून सुटली. ती धावत गेली, ऊस आणि सोमाजी यांच्या मध्ये उभी राहिली, दोन्ही हात वर करून घसा फुटेस्तोवर ओरडली आणि पाठीमागं सरकत त्याला खुराड्यात ढकललं. घरापेक्षा ते जवळ होतं. आतून कडी लावून तिनं पुतण्याला फोन केला.

“भरत, टॅक्टर घिऊन ये. मोठा लाईट लाव. आमी दोगं खुराड्यात हाय.”

“खुराड्यात?”

“तू ये रं!”

फोन ठेवला आणि तिला रडू फुटलं. “किती येळा सांगितलं तुमाला! तुमाला न्हेलं असतं त्यानं, तर मी काय केलं असतं?”

सोमाजी हळूच म्हणाला, “तू पंधरा येळा वाकतीस. रोज. मी वसरीवरनं मोजतो. न्हाई बसवत मला.”

तिनं पदरानं नाक पुसलं.

पायांशी कलकलाट चालला होता. खालच्या पाच तलंगा घाबरून इकडेतिकडे पळत होत्या. एकदम फडफड झाली आणि एक तलंग उडून सोमाजीच्या पाठीवर बसली. रतनबाईनं तिला काढायला हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे,” सोमाजी कुजबुजला. “आपलीआपण चढली ती.”

तिच्यामागं दुसरी चढली. सोमाजीनं हात गुडघ्यांवर टेकले आणि श्वास बारीक केला.

पुन्हा सळसळ झाली, या वेळी उसाच्या अलीकडे, बांधावर. रतनबाई जाळी आणि नवऱ्याच्या मध्ये ताठ उभी राहिली. ट्रॅक्टरचा आवाज अजून येत नव्हता.