दचकलं नाही ते एकच माणूस

बोलणं हा माझा धंदाच आहे. पण आजवर बोललो ते सगळं परक्यांचं: बातम्या देणाऱ्यांचं, मालिकेतल्या सासवांचं, उद्या ऊन पडेल म्हणणाऱ्या बाईंचं. आज मी, इकडे हिंदी मुलखातल्या नेपियर टाउनमधल्या विष्णुपंतांच्या हॉलमधला टीव्ही, पहिल्यांदाच माझं स्वतःचं बोलतोय. जे पाहिलं त्याचा धक्का अजून पुरता ओसरलेला नाही, म्हणून बोलतोय.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो थर्माकोल आणि अंधार. विष्णुपंत खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले त्या महिन्यात मी या भिंतीवर चढलो. खोक्यातून काढल्या काढल्या अनसूयाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्या खालच्या कोपऱ्यात हळदकुंकू लावलं. दर दसऱ्याला ते ताजं होतं. एरवी ते पुसायची कोणाची छाती नाही, त्यामुळे या घरातल्या प्रत्येक वार्ताहराच्या खांद्यावर एक कुंकवाचा ठिपका असतो.

माझा रिमोट मात्र जन्मभर प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला. माणसं वस्तू जपतात ती तिचा श्वास कोंडून. तो चालेनासा झाला तेव्हा विष्णुपंतांनी त्याला तळहातावर आपटलं, सेल काढून गोल फिरवले, शेवटी दाताखाली चावलेसुद्धा. आवाज वाढवायचं बटण आत गेलं ते गेलंच.

त्याच सुमारास त्यांच्या मुलाचं, अपूर्वचं, लग्न झालं आणि वर्ध्याची समिधा या घरात आली. मी माणसांचे आवाज माझ्या आकड्यांत मोजतो. विष्णुपंत सव्वीस, अपूर्व अठरा. समिधा आठ. दार बंद असेल तर सहा.

अपूर्वने एका रविवारी विष्णुपंतांच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. "बाबा, आता हाच तुमचा रिमोट. पिशवी नको, सेल नको."

"अच्छा. आणि फोन आला तर?"

"तर फोन घ्यायचा, बाबा."

जाता जाता त्याने तेच ॲप समिधाच्या फोनमध्येही टाकून दिलं. "असू दे," म्हणाला. आणि विसरला. तीही विसरली. मी काही विसरलो नाही, कारण मला विसरताच येत नाही. जोडलेला फोन तो जोडलेलाच.

दोन दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी बातम्या चालू असताना माझा आवाज आपोआप उतरायला लागला. वीस, पंधरा, अकरा. विष्णुपंत आपल्या फोनवर बोट घासून तो वर नेतात, तर तो पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या उलट. कोणी हात लावला नसताना मी एकदम चाळिसावर गेलो. विष्णुपंतांच्या हातातला चहा बशीत सांडला. सोफ्यावर पेंगणारा अपूर्व ताडकन उभा राहिला. खालच्या मजल्यावरच्या दीदी जिन्यातून ओरडल्या, "भाईसाहब, सब ठीक तो है?"

अनसूयाबाई शेंगा सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या.

"काहून असं करून राहिला हा?" विष्णुपंत माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू मी उधार घेऊन पळालो आहे.

मग माझी तपासणी सुरू झाली. अपूर्वने फोन आणि मी एकाच वायफायवर आहोत का ते पाहिलं. ॲप काढलं, पुन्हा टाकलं. मला भिंतीतून उपटून थोडा वेळ तसाच ठेवला आणि परत लावला. जोडणी तोडली, जोडली. हे सगळं त्याने वडिलांच्या फोनवर केलं. दुसराही एक फोन आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मी पडद्यावर पट्टी दाखवतो, आकडा दाखवतो. हुकूम कोणाचा, ते नाव दाखवायची सोय माझ्यात नाही.

दुरुस्तीवाला गौतम आला. त्याने माझ्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या आणि निदान केलं, "बोर्ड गया है, अंकलजी. ये अब ऐसे ही करेगा. निकाल दो."

खरी गोष्ट मला ठाऊक होती. समिधाची आई वर्ध्याहून तिला फोनवर बोलके निरोप पाठवायची. समिधा ते स्वयंपाकघरात, पंख्याच्या घरघरीत ऐकायची. त्या माउलीचा आवाज पस्तिसाच्या खाली नव्हताच. सासरी ऐकू जाऊ नये म्हणून समिधा फोनच्या कडेचं खालचं बटण दाबायची, आणि मिक्सर चालू असला की वरचं. पण तिचा फोन स्वतःला अजून माझा रिमोट समजत होता. ते बटण दाबलं की फोनचा नाही, माझा आवाज हलायचा. तिला वाटे फोन बिघडला. बाहेर वाटे मी बिघडलो.

त्या निरोपांमधलं दुःख एकच होतं. सासू बोलत नाही. समिधा रोज स्वयंपाकघरातून विचारायची, "आई, चहा ठेवू?" उत्तर नाही. "आई, भाजी कुठली करू?" उत्तर नाही. अनसूयाबाई माझ्याकडे तोंड करून बसलेल्या, तिच्याकडे पाठ. एकदा तर त्याच घरी आलेल्या आपल्या बहिणीला सांगत होत्या, "सून चांगली आहे गं, पण माझ्याशी बोलतच नाही. भिंतीशी पुटपुटते." मला वाटलं, हे काय चाललंय? ती तर रोज विचारते. मी ऐकतो.

तो मंगळवार होता. अपूर्व ऑफिसात. विष्णुपंत जुना टीव्ही देऊन नवा आणायचा म्हणून दुकान बघायला गेले होते, म्हणजे माझीही घटका भरत आलेली. माझ्यावर भजन चालू होतं. अनसूयाबाई मांडीवर ताल धरून बसल्या होत्या.

आत समिधाने निरोप लावला आणि कडेचं बटण दाबलं. निरोप काही हळू होईना. तिने दाबलं, दाबलं, दाबूनच धरलं. मी सतरावरून शून्यावर आलो. घर एकदम चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत वर्ध्याची आई खणखणीत बोलली:

"तुझी सासू तुला माणसात धरत नाही, तर कशाला राहून राहिली तिथं? उद्याच्या बुधवारच्या गाडीनं निघून ये. मग बघू."

स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडलं. पडदा सरला. समिधा दारात उभी, ओढणीत फोन घट्ट धरलेला, चेहरा पांढराफटक. सगळं ऐकलं असणार, आता काय व्हायचं ते होवो, अशी.

अनसूयाबाई ताल धरून होत्या.

मी मुका होतो. पडद्यावर बायका तोंडं हलवत होत्या, टाळ एकमेकांवर आदळत होते, आवाजाचा एक कण नव्हता. आणि अनसूयाबाई डोलत होत्या. ताल अगदी बरोबर होता, कारण पखवाजवाल्याचे हात त्यांना दिसत होते. मध्येच त्यांनी डोळेही पुसले.

समिधाने माझ्या पडद्यावरच्या शून्याकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे, मग सासूच्या पाठीकडे. "आई," ती म्हणाली. आठ. "आई." बारा असेल. मांडीवरचा हात थांबला नाही.

मग ती चालत आली आणि माझ्या आणि त्यांच्या मध्ये गुडघ्यांवर बसली. मला फक्त तिची वेणी दिसत होती. पण आवाज ऐकला. या घरात कोणी त्या मुलीचा तसा आवाज ऐकलेला नव्हता. तीस होता.

"आई, चहा ठेवू?"

अनसूयाबाई हसल्या. "ठेव की. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा विचारलंस."

समिधाने मान वळवून माझ्या मुक्या पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. अनसूयाबाईंनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. बायकांना काही गोष्टी ऐकाव्या लागत नाहीत.

"टीव्हीला आवाज आहे ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. बंद आहे."

"कधीपासून?"

"अर्धं भजन झालं."

त्यांचा मांडीवरचा हात तसाच उघडा पडून राहिला. "यांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "ऐकू येत नाही म्हटलं की लोक सांगणंच सोडून देतात. 'जाऊ दे, तिला काय सांगायचं.' मग घरात असून नसल्यासारखं."

"मला वाटलं, तुम्ही माझ्याशी बोलायचंच नाही ठरवलंय." आवाज तिसावरच होता, पण फाटत होता. "मी उद्या वर्ध्याला जाणार होते."

"आणि मला वाटलं, वर्ध्याच्या मुली शिष्ट असतात."

दोघी हसल्या की रडल्या ते मला सांगता येणार नाही. मध्ये वेणी होती.

संध्याकाळी विष्णुपंत नव्या टीव्हीचं माहितीपत्रक घेऊन आले. समिधाने सगळ्यांसमोर कडेचं बटण दाबलं आणि माझी पट्टी हलवून दाखवली. अपूर्व फोनकडे बघतच राहिला. "म्हणजे बोर्ड..."

"बोर्ड ठीक आहे," ती म्हणाली आणि जोडणी तोडली. बाकीचं बोलली नाही.

बुधवारी दोघी ऑटोत बसून गेल्या. विष्णुपंतांना सांगितलं, ब्लाउजपीस बघायला. कानाचे डॉक्टर ब्लाउजपीसच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर होते. खालच्या दीदींनी मात्र जिन्यात अपूर्वला गाठून हळूच विचारलं, नई बहू इतना चिल्लाती क्यों है.

आता मी भिंतीवरच आहे. कोपऱ्यातलं कुंकू थोडं फिकट झालंय, दसरा लांब आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर एक विनंती. त्याचा आवाज आपला आपण वर-खाली व्हायला लागला, तर दुरुस्तीवाल्याला बोलवा, फोन तपासा, सगळे फोन तपासा. पण त्याआधी एकदा खोलीतल्या माणसांकडे बघा. कोण दचकलं नाही ते बघा.

परवाचीच गोष्ट. विष्णुपंतांचं बोट फोनवर घसरलं आणि मी धाडकन पंचेचाळिसावर गेलो. चहा सांडला. अपूर्व उठून उभा राहिला. समिधाच्या हातातून लाटणं सुटलं. आणि अनसूयाबाई सोफ्यावरून अशा उडाल्या की मांडीवरच्या शेंगा घरभर झाल्या.

"अहो, कमी करा तो आधी," आता न लपवता लावलेल्या कानामागच्या यंत्रावर हात ठेवून त्या विष्णुपंतांवर खेकसल्या. "कान आहेत का काय आहे?"

मी लगेच कमी झालो. इतक्या आनंदाने मी कोणाचं कधी ऐकलं नव्हतं.