पान सातवरची चौथी ओळ

लेन्सवाल्याच्या दुकानातून नवा कॅमेरा घेतला की महिन्याभरात त्याचा फोन येतोच. कसा वाटला, चार ओळी लिहून द्या, दुकानाच्या ऑनलाइन पानावर टाकतो, नवीन घेणाऱ्यांना उपयोग होतो, असं त्याचं ठरलेलं बोलणं. शूटिंगकाकांना मात्र हा फोन तिसऱ्या महिन्यात आला. मध्ये काकू गेल्या होत्या, आणि लेन्सवाला तेवढा धीर धरणाऱ्यातला होता.

फोन आला तेव्हा काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर नवा कॅमेरा होता. घरात घुसलेल्या माणसाला पकडून खुर्चीत बसवावं आणि आता याचं काय करायचं म्हणून बघत राहावं, तसे ते त्याच्याकडे बघत होते.

"चार ओळी?" ते म्हणाले. "अरे, चाळीस देतो. छापायची हिंमत आहे का तुझ्यात?"

"काय झालं काका? बिघडला?"

"बिघडला असता तर बरं झालं असतं."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

एकतीस वर्षं काका लग्नं, शाळांची गॅदरिंगं, कारखान्यांची उद्घाटनं चित्रित करत होते, आणि एकतीस वर्षं काकू त्यांच्याबरोबर होत्या. काका कॅमेऱ्यामागे, काकू दिवे आणि आवाज बघायच्या. वायरींना गाठ न पडू देता गुंडाळणं काकांना शेवटपर्यंत जमलं नाही, त्यामुळे तेही काकूच करायच्या. कार्डांचीही अशीच वाटणी होती. जुन्या कॅमेऱ्यात दोन खण होते आणि एकच चित्रण दोन्ही कार्डांवर उतरायचं. पहिल्या खणातलं कार्ड काकांचं. ते काढायचं, काम उतरवून घ्यायचं, पुसायचं, पुन्हा घालायचं. दुसऱ्या खणातलं काकूंचं. ते त्या स्वतःच्या हाताने काढून लाल पाकिटात ठेवायच्या आणि गिऱ्हाइकाचं समाधान झाल्याशिवाय पुसायच्या नाहीत. "तुम्ही पुसा, मी जपते," असं त्या म्हणायच्या. भांडणातसुद्धा हेच म्हणायच्या.

असा जन्म कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला गेला की माणसाचे स्वतःचे फोटो राहत नाहीत. काकूंचे चित्रीकरणात मोजून सहा शॉट होते, कारण काकांनी आयुष्यात सहा कॅमेरे घेतले होते. नवा कॅमेरा घरी आला की त्याचा पहिला शॉट काकूंचा असायचा. खिडकीशेजारच्या खुर्चीत रंग तपासायचा पांढरा पुठ्ठा हातात धरून त्या बसायच्या आणि काका चालू करायचे. नियम असा होता की पहिल्या शॉटला कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही. कारखान्यातून जसा आला तसा चालवायचा, म्हणजे त्याचा मूळ स्वभाव कळतो. शेजारी जुना कॅमेरा तेवढ्याच उंचीवर उभा करून तोही चालू ठेवायचा. मग दोन्ही चित्रं बाजूबाजूला लावून बघायचं, की नवा कुठे खरं बोलतो आणि कुठे थापा मारतो.

सहावा आला तेव्हा काकूंचं आजारपण वर्षभराचं झालं होतं. गाल आत गेले होते, डोळ्यांखाली काळं पडलं होतं. त्या वर्षात त्यांनी कुणाला फोटो काढू दिला नव्हता. लेकीने एकदा फोन पुढे केला तर तिला स्वयंपाकघरात पिटाळलं होतं. पण खोका उघडला आणि त्या आपणहून उठून खिडकीशी जाऊन बसल्या.

"राहू दे," काका म्हणाले होते. "पुठ्ठा खुर्चीला टेकवून बघतो."

"परीक्षा कॅमेऱ्याची आहे, माझी नाही. चालू करा."

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी त्या गेल्या.

जुना कॅमेरा काकांना डोळ्यांसमोर नकोसा झाला. त्याच्या मुठीवर काकूंनी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी तो लेन्सवाल्याकडे नेऊन टाकला. अदलाबदलीत द्यायचं आधीच ठरलं होतं. मग लेकीने मागे लागून त्यांना एका शाळेच्या बक्षीस समारंभाचं काम घ्यायला लावलं, आणि काल संध्याकाळी ते काम उतरवून घेताना काकांना नव्या कॅमेऱ्यातला पहिला शॉट दिसला. त्यांनी तो लावला.

खुर्चीत एक बाई बसली होती. हातात पुठ्ठा होता. चेहरा भरलेला, गुळगुळीत, वर जरा चकाकणारा. डोळ्यांखाली काही नाही. डाव्या भुवईवरचा व्रण नाही. तो व्रण बावीस वर्षांपूर्वीचा, एका हॉलमध्ये दिव्याचा स्टँड काकूंवर कोसळला होता तेव्हाचा. चार टाके पडले होते आणि पट्टी बांधून काकूंनी उरलेला कार्यक्रम पुरा केला होता. तो व्रण कॅमेऱ्याने पुसून टाकला होता. आवाजही तसाच. वाक्य, मग ठार शांतता, मग पुढचं वाक्य. मधे श्वास नाही, खोकला नाही. वर्षभर ज्या खोकल्याने दोघांनाही झोप दिली नव्हती, तो कुणीतरी कापून नेला होता.

दुपारी लेक आली. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रोज डबा घेऊन यायची. काकांनी तिला शॉट दाखवला. ती बघता बघता रडायला लागली आणि म्हणाली, "आई किती छान दिसतेय, बाबा!"

"ही तुझी आई नाही."

"काहीतरीच काय बोलता?"

"व्रण कुठाय? सांग, कुठाय व्रण?"

"नसेल दिसत उजेडात. किती ताजी वाटतेय. आजारीच दिसायला हवी होती का तुम्हाला?"

"आजारी होती, म्हणून आजारी दिसायला हवी होती!" काकांनी टेबलावर हात आपटला. डब्याचं झाकण उडालं. "अंगात त्राण नव्हतं तरी उठून बसली ती. आणि या कॅमेरावाल्यांनी तिला साबणाच्या जाहिरातीत बसवली. कुणी सांगितलं होतं यांना? मी सांगितलं होतं? तिने सांगितलं होतं?"

लेक झाकण उचलून उभी राहिली. "माझ्यावर कशाला ओरडता? मी बनवलाय का तो कॅमेरा?"

"मग चल, ज्याने विकला त्याच्यावर ओरडतो."

"मी येते. एकटे गेलात तर त्याचा बिचाऱ्याचा जीव घ्याल."

लेन्सवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, मागे दुरुस्तीचं टेबल. तो तिथे मान खाली घालून एका लेन्सच्या कडेला ब्रश फिरवत होता. काकांनी पिशवीतून कॅमेरा काढून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि शॉट लावला. लेन्सवाल्याने काकूंना वीस वर्षं पाहिलं होतं. त्याचा ब्रश थांबला.

"हं," तो म्हणाला. मग बटणं दाबत सेटिंगच्या यादीची पानांमागून पानं काढली आणि सातव्या पानावर चौथ्या ओळीशी बोट ठेवलं. "हे बघा. त्वचा, मध्यम. कंपनीकडूनच चालू येतं. खालच्या ओळीत आवाजाची सफाई, तीही चालू. आजकाल लोकांना हेच आवडतं हो काका. लग्नातल्या नवऱ्या मुली खूश होतात."

"व्यावसायिक कॅमेरा म्हणून विकलास ना मला?"

"आहेच तो व्यावसायिक."

"मग न विचारता लोकांची तोंडं का सारवतो? मूठ चांगली आहे, कबूल. वजन बेताचं आहे. शाळेच्या अंधाऱ्या स्टेजवर मागच्या रांगेतली पोरं टिपली याने, जुन्याला नसती जमली. फोकस सोडत नाही, पळणाऱ्या माणसालाही नाही. मी खोटं बोलणार नाही. पण ज्याला इतकं दिसतं, त्याला एवढा व्रण दिसू नये? दिसला होता! दिसला म्हणून तर पुसला!"

"बंद करता येतं काका. हे बघा, एका सेकंदात." त्याने ओळ बंद केली.

"झालं? आता तिला आणून बसव खुर्चीत."

लेकीने काकांच्या दंडाला हात लावला. काकांनी तो झटकला नाही, पण तोंडही आवरलं नाही.

"आणि मी मूर्ख. पहिल्या शॉटला हात लावायचा नाही म्हणे. एकतीस वर्षं मिरवलेला नियम. एकदा, फक्त एकदा यादी उघडून बघितली असती तर."

"पण जुना लावला असेल ना शेजारी? काकू नेहमी लावायला लावायच्या."

"लावला होता. बाजूबाजूला लावून बघायचं राहून गेलं, दुसऱ्या दिवशी जुन्यावरच कारखान्याचं काम होतं. कार्ड काढलं आणि पुसलं. मी पुसतो. माझं कामच ते."

लेन्सवाल्याने ब्रश खाली ठेवला. विषय बदलावा म्हणून की काय, थोडा तक्रारीच्या सुरात म्हणाला, "त्या जुन्याचंही एक सांगायचं होतं काका. त्याच्या दुसऱ्या खणाचं झाकण अडकलंय. मी सगळं करून बघितलं. उघडतच नाही. तुम्ही देताना बोलला नाहीत. म्हणून तर अजून विकायला ठेवला नाही, नाहीतर आलेला माल मी आधी पुसून साफ करतो."

काकांनी नवा कॅमेरा बाजूला सारला.

दुसरा खण त्यांनी कधी उघडला नव्हता. एकदाही नाही. तो त्यांचा नव्हताच. पहिलं कार्ड काढायचं आणि पुढे जायचं, दुसरं आपोआप लाल पाकिटात जायचं. काकू त्या शॉटनंतर पुन्हा अंथरुणातून उठल्या नव्हत्या. लाल पाकीट कपाटात होतं, आणि ते रिकामं आहे हे काकांना ठाऊक होतं. पण ते रिकामं का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरलाच नव्हता. कारखान्याचं काम झालं, तेव्हा दुसरं कार्ड भरलंय, चित्रण फक्त पहिल्यावर उतरतंय, असं काहीतरी पडद्यावर आलं होतं. ते त्यांनी न वाचता घालवलं होतं, कारण दुसऱ्या कार्डाच्या सूचना वाचणं हेही काकूंचंच काम.

"कुठाय?" ते म्हणाले.

लेन्सवाल्याने दुरुस्तीच्या फळीवरून जुना कॅमेरा आणला. मुठीवर चिकटपट्टी तशीच होती. त्याने बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"खबरदार!" काका ओरडले. "ते ठेव खाली. असं नाही उघडत ते."

"मग कसं?"

कसं ते काकांनी तो कॅमेरा घेतल्यापासून चार वर्षं डोळ्यांच्या कडेने बघितलं होतं आणि कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. हाताने हवेत काहीतरी केलं. "अंगठा खाली दाबायची ती. आणि मग डोक्यातून पिन काढून डावीकडून घालायची."

लेकीने केसातली पिन काढून त्यांच्या हातात दिली. काकांना ती खाच सापडेना, म्हणून तिनेच ती परत घेतली. अंगठ्याने खाली दाबलं, डावीकडून पिन सरकवली. पहिल्यांदा काही झालं नाही. "वर उचल जरा," काका म्हणाले. टक् असा आवाज झाला आणि झाकण उघडलं. आत कार्ड होतं.

लेन्सवाल्याने ते मोठ्या पडद्याला लावलं.

तीच खुर्ची, तीच खिडकी. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं, डाव्या भुवईवर व्रण, तिरपा, पांढरट. ओठ सुकलेले. पडद्याच्या कडेला काकांचं कोपर आणि अर्धी पाठ, नव्या कॅमेऱ्यावर वाकलेली. काकू खोकल्या. लांबलचक, छातीतून. खोकला थांबल्यावर त्यांनी पुठ्ठा सरळ धरला.

"अहो, चष्मा लावा. बटण नाकासमोर आहे तुमच्या."

"दिसतंय मला," कोपर म्हणालं.

"दिसतंय तर दाबा." मग पुन्हा थोडा खोकला, आणि त्यांनी मान वळवून थेट जुन्या कॅमेऱ्याकडे बघितलं, हलक्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं: "नवा आला, आता हे तुला लगेच घराबाहेर काढतील बघ. बघच तू."

लेकीला हसू फुटलं आणि ते हसू मधेच मोडलं. काका उभे होते तसे खाली बसले, लेन्सवाल्याच्या स्टुलावर.

"बघितलंस?" थोड्या वेळाने ते म्हणाले. आवाजात अजून राग होताच. "नव्याने हेसुद्धा कापलं. हळू बोलली, म्हणून कचरा समजून कापलं."

जुना कॅमेरा ते परत घेऊन आले. लेन्सवाला नको म्हणाला नाही. त्याने फक्त दारापर्यंत येऊन विचारलं, "काका, मग त्या चार ओळी?"

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या हातून दुकानात पोचल्या. कागदावर, काकांच्या हस्ताक्षरात. लेन्सवाल्याने त्या एक अक्षर न बदलता दुकानाच्या पानावर टाकल्या, आणि कंपनीचा माणूस काढा म्हणून सांगायला आला तेव्हा काढल्या नाहीत.

"कॅमेरा घेऊन तीन महिने झाले. एक काम केलं. मूठ चांगली, वजन बेताचं, अंधारात जुन्यापेक्षा पुष्कळ जास्त दिसतं, फोकस पक्का. बॅटरी सांगतात त्यापेक्षा तासभर कमी चालते. चालू करायचं बटण चित्रणाच्या बटणाला फार लागून आहे, चूक होणार. एवढं सगळं चालवून घेता येईल. पण हा कॅमेरा माणसाला न विचारता त्याचं तोंड बदलतो आणि त्याचा श्वास कापतो. हे करायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. घेणार असाल तर घ्या. मात्र खोका उघडलात की आधी पान सातवर जा, चौथी आणि पाचवी ओळ बंद करा, आणि मगच आपल्या माणसाला खुर्चीत बसवा."