म्हशीसारखं पारखलेलं तिकीट

"रंगरावभावजींनी फोनवर लाटरी घेतली आन् कालवड घालवली. तुमी काय आता म्हैस घालवता?"

कौशल्या गोठ्यातला राडा फावड्यानं ओढत होती आणि दर फावड्यामागं नवऱ्याला एक वाक्य हाणत होती. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला पंधरा दिवस उघडीप नव्हती. वाऱ्यानं गोठ्याचे पत्रे नेले होते, म्हैस चिखलात गुडघाभर उभी होती आणि पाऊस असाच राहिला तर तिचे खूर कुजणार, हे दत्तोबाला दिसत होतं. पत्रे हवे होते, म्हणून तर त्याच्या डोक्यात लॉटरी शिरली.

"रंगऱ्यानं तिकीटच काढलं न्हवतं गं. तुमाला बक्षीस लागलं, आदी फी भरा, आसा फोन आला आन् ह्यानं भरली. म्या दुकानात जाऊन डोळ्यानं बगून घेनार."

"मग बाजारात जनावर बगता तसं बगून घ्या."

दत्तोबानं हे मनावर घेतलं.

मार्केट यार्डात कोथिंबीर उतरवून तो बिबवेवाडीत अनंतरावांच्या दुकानात शिरला. दारावर पाटी होती : 'सुटे पैसे द्यावेत. कोणता नंबर लागेल ते विचारू नये.'

"दुकान तुमचंच का?"

"नाही, चोरलंय. काय हवंय?"

"परवाना हाय?"

अनंतरावांनी मान न वळवता अंगठा मागं केला. भिंतीवरचा परवाना दत्तोबानं ओठ हलवत तळापर्यंत वाचला. मग त्यानं एक तिकीट उजेडात धरलं. सरकारचं नाव पाहिलं, छापील किंमत पाहिली. कोपरा दुमडलेला म्हणून ते परत केलं. दुसऱ्याची सोडत कालच होऊन गेली होती. ते चुकून गठ्ठ्यात राहिलं होतं.

"ह्ये म्हातारं झालंय."

अनंतरावांनी ते फाडलं. "आपण तिकीट घेताय की म्हैस?"

"म्हशीचं वय दातावरनं कळतं. ह्येचं तारखेवरनंच बगाया लागतंय."

तिसरं पसंत पडलं. "आता मागे नाव, पत्ता, सही करा," अनंतराव म्हणाले. "हरवलं तर दुसऱ्यानं हक्क सांगायला नको."

दत्तोबानं वाडी, तालुका, जिल्ह्यासकट लिहिलं. मागं बारीक अक्षरात नियम छापले होते; पण त्याचं अक्षर पहिल्यापासून ठसठशीत.

घरी कौशल्यानं तिकीट दोन्ही हातांनी घेतलं. ह्या घरात म्हैस असो, फवारणीचा पंप असो नाहीतर कुकर, नव्या वस्तूला हळदकुंकू लागल्याशिवाय ती कामाला लागत नसे.

"जरा जास्तीच लाव," दत्तोबा म्हणाला. "पत्र्याचं काम हाय."

तिनं बोटं ओली करून जास्तीच लावलं.

आठवड्यानं पेपरात निकाल आला. शेवटचे चार आकडे चार, सात, एक, तीन. देव्हाऱ्यातल्या तिकिटावर चार, सात, एक होते आणि त्यापुढं कुंकू होतं. दोघंही चपला विसरून बिबवेवाडीत पोचली.

अनंतरावांनी तिकीट भिंगाखाली धरलं. "शेवटचा आकडा?"

"तीन!" कौशल्या म्हणाली. "म्या सोता बगून वर कुंकू लावलंया."

"बघितलंत तर त्याच्यावरच कशाला लावलंत?"

"मग कपाळ कुटं आसतं त्येला?"

अनंतरावांनी कापसानं हलकेच पुसलं. कुंकू गेलं, त्याच्यासंगं हळद गेली आणि शेवटी आकडाही गेला. उरलं एक गुलाबी भोक.

"खराब झालेलं तिकीट चालत नाही. मागे नियम छापलाय." त्यांनी तिकीट उलटं केलं. नियमाच्या जागी दत्तोबाचा जिल्हा होता.

दोघं एसटीनं परतली. पाऊस लागलेलाच होता. घरी आल्यावर कौशल्यानं गळतीसाठी पलंगावर बांधलेली ताडपत्री काढली आणि गोठ्यावर बांधली. त्या रात्रीपासून म्हैस कोरडी झोपली आणि ही दोघं छत्री घेऊन.

पुढच्या बाजाराला दत्तोबा पुन्हा दुकानात गेला. परवान्याशेजारी नवी पाटी लागली होती : 'तिकिटाची पूजा करू नये. केल्यास बक्षीस देवाकडून घ्यावे.'

संध्याकाळी गोठ्यात आल्यावर तो म्हणाला, "आगं, पुन्यात तुजी पाटी लागली."

"आन् तिकीट?"

"घेतलंय. पर ह्या येळंला तुज्या हाताला लागू द्येनार न्हाई."

"नगा दिऊ." कौशल्यानं धारेची चरवी खाली ठेवली. "म्हशीला इचारा, तिच्या तोंडात काय हाय."

दत्तोबानं डोक्याला हात लावला. तिकीट टोपीत होतं, आणि टोपी मघाशीच त्यानं गव्हाणीवर काढून ठेवली होती.